कॉलरचा फोटो

मंगळवारी दुपारी ताई गेली. संध्याकाळी आम्ही तिला वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या माझ्या घरून गावी, नाचणगावला नेलं. बुधवारी सकाळी बायकांनी तिला आंघोळ घातली. त्याआधी काकूने माझ्याकडे रेझर मागितला आणि मी तो आणून दिला.

आमच्या घरात त्या वस्तूचं नाव कोणी घेत नसे. काकूनेही घेतलं नाही. ती दारात येऊन म्हणाली, “बाबू, तिचं ते कुठी ठेवत होती रे?”

“कायले?”

“कायले म्हंजे? अशीच पाठवाची का तिले? लोकं तोंड पाहाले येतीन. दोन मिनटाचं काम हाय.”

अंगणात माणसं बसली होती. दोघं-तिघं माझ्याकडे पाहत होते. ‘नको, काकू’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी गोठ्यात गेलो, खिडकीच्या वरच्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि तो तसाच तिच्या हातात दिला. मग अंगणात येऊन बसलो. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. तो डबा मी का दिला, हे लिहून काढल्याशिवाय मला दुसरं काही वाचता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नव्हतं. बाबा गेल्यावर आई आणि ती, दोघीच नाचणगावच्या घरात राहत. दीड एकरातला भाजीपाला ताईच पाहायची आणि पुलगावच्या बाजारात नेऊन विकायचीही तीच. मी वर्ध्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तिचं दुखणं पोटाचं होतं. ते कळलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं. दवाखाना जवळ राहील, हा विचार. पाच आठवडे ती आमच्या समोरच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर होती.

ताईला दाढी होती. वरच्या ओठावर आणि हनुवटीवर, सोळा-सतरा वर्षांची असल्यापासून. दर दोन-तीन दिवसांनी ती सकाळी गोठ्यात जाऊन दाढी करायची आणि मग चहा मांडायची. ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

आजारपणात तिच्या हातांत जोर राहिला नाही. केस वाढू लागले. पहिला आठवडा मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ग्रंथालयातून आलो, तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, “ताई, करून देऊ का?”

“काय?”

मी माझ्या हनुवटीवरून बोट फिरवलं.

ती हसली. हसल्यावर तिच्या पोटात दुखायचं, म्हणून हसू अर्ध्यातच आवरायची. “तुह्या हातानं? तुले अजून सोताची धड येत नाई.”

“आधी करून देत होतो ना.”

“तवा मी जवान होती. कापलं तरी भरून येत होतं.” मग जरा वेळाने म्हणाली, “राहू दे, बाबू. येऊ दे त्याइले. एवढे वर्स झाले, पुरे वाढलेले कधी पाह्यलेच नाई म्या.”

पुढे वाढत वाढत ते बोटाच्या अर्ध्या पेराएवढे झाले. काळे कमी, पांढरे जास्त. एका दुपारी तिने आरसा मागितला. माझ्या बायकोने भिंतीवरचा काढून तिच्यासमोर धरला. ताईने बराच वेळ पाहिलं, मान या बाजूला, त्या बाजूला वळवली.

“बाबासारखी दिसून राह्यली मी,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, “हाय का नाई?”

खरंच दिसत होती. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची रुंद हनुवटी, खाली थोडी दबलेली, तिच्या चेहऱ्यावर आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. दर दोन-तीन दिवसांनी आम्ही ती पुसत आलो होतो. त्या दुपारनंतर तिने पलंगाजवळ आरसा ठेवून घेतला. ती अधूनमधून त्यात पाहायची आणि केसांवरून बोटं फिरवायची, जशी ती शेतात मेथीच्या वाफ्यावरून फिरवायची.

माझ्या खिशात फोन होता. मी फोटो काढला नाही.

लहानपणापासून आम्हा दोघांची एकत्रच थट्टा व्हायची. ताई उंच, सावळी, खांदे रुंद, आवाज जाड. शेताच्या बांधावरून तिने हाक मारली की पलीकडच्या शेतातला माणूस “काय भाऊ?” म्हणून उत्तर द्यायचा. मी किरकोळ, रंगाने उजळ, मनगटं बारीक. माझा आवाज फुटायलाही उशीर लागला आणि फुटला तेव्हा फारसा फरक पडला नाही. शाळेत मुलं मला ‘बाई’ म्हणायची. एका दिवाळीला मामा आले होते. आम्ही दोघं शेजारी बसून जेवत होतो. मामा म्हणाले, “देवाघरी गडबड झाली बाप्पा. ह्याचं पार्सल तिले गेलं अन तिचं ह्याले.”

सगळे हसले. ताई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “मंग बदलून द्या ना वो मामा. पावती हाय का तुमच्यापाशी?”

मामांनाही हसू आलं. मी मात्र ताटातच पाहत राहिलो. तिच्याजवळ उत्तर असायचं, माझ्याजवळ नसायचं, हा आमच्यातला खरा फरक होता.

अठराव्या वर्षी माझ्या वर्गातल्या सगळ्यांना दाढी आली होती. मला गालावर लव होती. कोणी तरी सांगितलं, रोज ब्लेड फिरव, ब्लेड लागली की दाट येते. मी पुलगावहून एक रेझर आणला. धातूचा, खालची मूठ फिरवून ब्लेड बसवायचा. आई ताईला नेमकं तेच सांगायची, फक्त उलट बाजूने. पोरी, ब्लेड लावू नको, लावली की दाट येते. तिला बेसन-हळद लावायची, राखेने चोळायचं, आणि केस तोडायला दोऱ्याने काही करायचं ते काकू करून द्यायची. तिचा ओठ लाल व्हायचा, सुजायचा. केस होते तसेच राहायचे.

एका दुपारी मी गोठ्यात बसून कोऱ्या गालाला साबण लावला होता आणि रेझर फिरवत होतो. ताई वैरणीचा भारा घेऊन आत आली.

“काय कापून राह्यला रे? पीक तं दिसत नाई.”

मी रेझर पाण्यात बुडवला.

“किती दिवस झाले?”

“तीन महिने.”

“आलं काई?”

“नाई.”

ती थोडा वेळ उभी राहिली. मग वैरणीचा भारा खाली ठेवला आणि दगडावर माझ्यासमोर बसली. “आता माही कर.”

“आई म्हनते दाट येते.”

“तुले आलं का?”

“नाई.”

“मंग मलेई नाई येनार. कर.”

तिने मान वर केली आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्या हनुवटीला साबण लावला.  पहिल्यांदा ब्लेड फिरली तेव्हा खसखस आवाज आला. माझ्या गालावर तो आवाज कधी आला नव्हता. तिने चेहऱ्यावरून पाण्याचा हात फिरवला, मग कोरडा हात फिरवला, मग पुन्हा फिरवला.  वैरण उचलून बैलांपुढे टाकली आणि जाताना म्हणाली, “परवा ये.”

तसं वर्षभर चाललं. एकाच रेझरने मी माझी येण्यासाठी करायचो आणि तिची जाण्यासाठी. मी जे काही सुखाचे दिवस म्हणून आठवतो, त्यात गोठ्यातल्या त्या दुपारी आहेत. तिथे आम्हाला कोणी पाहत नव्हतं.

ती पंचवीस वर्षांची होती तेव्हा केळझरकडच्या एका घरून स्थळ आलं. ते लोक रविवारी येणार होते. रविवारी पहाटे आम्ही गोठ्यात गेलो. मी दोनदा साबण लावून, उलट-सुलट ब्लेड फिरवून दाढी केली. ताईने पोलकं घातलं, पावडर लावली, छान दिसत होती. अकरा वाजता निरोप आला, गाडीचं जमलं नाही, उद्या येतो.

सोमवारी सकाळपासून घर बायकांनी भरलं. काकू ताईचे केस विंचरत होती, मावशी तिला साडी नेसवत होती. ताईने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि दोनदा गोठ्याकडे जायला निघाली. दोन्ही वेळा कोणी तरी म्हणालं, “आता कुठी चालली व माय, साडी भरन.” आईने तिला बजावलं होतं, “इचारलं तेवढंच सांगजो. बारीक आवाजात बोलजो.”

ते लोक आले. पोहे झाले, चहा झाला. तिला पाणी आणायला सांगितलं, म्हणजे चाल दिसली. मुलाच्या बहिणीशेजारी उभं केलं, म्हणजे उंची दिसली. केस सोडून दाखवायला सांगितले. मुलगा सगळा वेळ मान खाली घालून पोहे खात होता. त्याचा चेहरा मला आज अजिबात आठवत नाही. त्या दिवशी आमच्या घरातल्या कोणीच त्याच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. नोकरी आहे, शेती आहे, एवढं ऐकलं होतं.

निघताना मुलाच्या मावशीने ताईला कुंकू लावलं. लावताना दुसऱ्या हाताने हनुवटी धरली. आपल्याकडे मायेनेही असंच धरतात. पण तिने ती दाराच्या उजेडाकडे वळवली आणि अंगठा एकदा खालून वर फिरवला. मी दारातच उभा होतो, मला तो अंगठा दिसला. काल दाढी केलेल्या चेहऱ्यावर आज काय लागतं, ते मला माहीत होतं. नुसते केस असते तर कदाचित चाललं असतं, बऱ्याच मुलींना असतात. हे खुंट होते.

“पोरगी छान हाय,” ती मावशी म्हणाली.

आठवड्याने पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. महिन्याभरात बाजारात एक बाई आईला म्हणाली, “तुही पोरगी भावाच्या सामानानं दाढी करते म्हने?” आई भाजी तशीच टाकून घरी आली. तिने मला बाहेर बोलावलं.

“ब्लेड तू आणली?”

“हो.”

“किती दिवसापासून?”

“वर्ष झालं.”

ती ओसरीवर बसली. “मंग आता ते जाचे नाई,” ती म्हणाली. बस, एवढंच. ती त्यावरून पुन्हा कधी बोलली नाही. पण ताईचं लग्न त्या ब्लेडने मोडलं असं तिच्या मनात कायमचं राहिलं, आणि माझ्याही. ताईने पुढचं स्थळ यायच्या आधीच सांगून टाकलं, “मी आता कोनाले दाखवून घेनार नाई. ज्याले भाजी पायजे त्यानं बाजारात यावं.” रेझर तिने माझ्याकडून मागून घेतला, बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि तेव्हापासून स्वतःची दाढी स्वतः केली.

मी वर्ध्याला शिकायला गेलो, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली, नोकरीला लागलो. नोकरी लागली त्या महिन्यापासून माझ्या चेहऱ्याबद्दलचं बोलणं थांबलं. ज्या मामांनी पार्सलाची गोष्ट केली होती, तेच मुलीकडच्यांना सांगत होते, “पोरगा शांत हाय, चेहरा कसा कोवळा हाय पाहा.” माझी मनगटं तीच होती, आवाज तोच होता. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मीही मान खाली घालून पोहे खाल्ले. माझी हनुवटी कोणी धरली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली. ताई पंधरा दिवस धावपळ करत होती, तिला स्वतःकडे पाहायला वेळ मिळाला नव्हता. हनुवटी काळी दिसत होती. दुसऱ्या दिवशी माझे सासरकडचे लोक, कॉलेजमधले प्राध्यापक, सगळे येणार होते. मी तिला काही म्हणालो नाही. गोठ्यातून तो डबा आणला, रेझर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि तिच्या साडीच्या पिशवीवर ठेवला.

लग्नात ती गुळगुळीत चेहऱ्याने आली. सगळं पाहिलं, वाढलं, पाहुण्यांना काय हवं-नको विचारलं. फोटोवाल्याने घरच्यांना बोलावलं की ती स्वयंपाकाकडे असायची. अल्बममध्ये ती कुठेच नाही. फक्त एका फोटोत मंडपाच्या कडेला पाठमोरी आहे, हातात पाण्याचा जग. अल्बम पाहताना मी एकदा म्हणालो, “ताई, तू एकाही फोटोत नाईस.” ती म्हणाली, “मंग तुमाले खाऊ कोन घालत होतं?” कागदाची गोष्ट ना तिने काढली, ना मी.

शेतात मात्र ती वेगळी दिसायची. आमच्या भागात शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ऊन लागत नाही, काटा लागत नाही. कोणाला त्यात काही वाटत नाही. ताई माझे जुने शर्ट घालायची. ते तिला खांद्यात घट्ट व्हायचे. “जरा मोठे घेत जा ना,” म्हणायची, “दोन वर्सानं मले येतीन असे.” मी खरंच एक मापाने मोठे घ्यायला लागलो होतो. बाजाराला निघताना ती शर्ट काढून ठेवायची, पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. फोनवर कंपनीची माणसं तिला ‘सर’ म्हणायची. “हां, बोला,” ती जाड आवाजात म्हणायची आणि फोन ठेवून आईला सांगायची, “आजई सर झाली मी.”

मला तो आवाज पाहिजे आहे. तो कुठेच साठवलेला नाही. माझा फोन चाळला तर विद्यार्थ्यांचे, सभांचे, पुस्तकांच्या कपाटांचे फोटो निघतात.

तेराव्या दिवसाच्या तेरवीसाठी फोटो हवा होता तेव्हा हे सगळं समोर आलं. आईच्या पेटीत केळझरच्या स्थळाच्या वेळी काढलेला एक फोटो होता, त्याला वाळवी लागली होती. दुसरा कुठलाच नव्हता. होतं ते आधार कार्ड. ग्रामपंचायतीत शिबिर लागलं तेव्हा ती शेतातून तशीच गेली होती. आधारवर सगळेच वाईट दिसतात असं आपण म्हणतो. त्या मशीनसमोर बसवणाऱ्याने तिला पावडर लावून ये म्हटलं नव्हतं. हनुवटीवर तीन-चार दिवसांची दाढी होती, साडीवर माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, त्याची कॉलर गळ्यापर्यंत दिसत होती, आणि ती सरळ समोर पाहत होती.

मी कार्ड वर्ध्यातल्या एका स्टुडिओत दिलं. दोन दिवसांनी गेलो तेव्हा स्टुडिओवाल्याने संगणकावर फोटो दाखवला. “लय काम करावं लागलं सर. आधारचा होता ना.”

पडद्यावर एक गोरी बाई होती. कपाळावर टिकली, गळ्याशी हिरवा पदर, ओठ-हनुवटी एकदम स्वच्छ. डोळे तेवढे ताईचे होते, आणि त्या चेहऱ्यात ते अनोळखी वाटत होते.

“शर्ट कुठे गेला?”

“कॉलर काढली, पदर लावला. अन चेहऱ्यावर डाग होते ते सगळे साफ केले.”

“डाग नव्हते. केस होते.”

तो माझ्याकडे पाहू लागला. “हो सर, तेच. कसं बोलाचं म्हणून डाग म्हटलं.”

“ते परत आणता येतील?”

“सर, राग नका मानू. तेरवीत ठेवणार ना तुमी? बाईच्या फोटोत मिशा ठेवू?”

“होत्या तिला.”

“होत्या, पण फोटोत कोण ठेवते? माह्या आईच्या फोटोतून म्या चष्मासुद्धा काढला.”

“चष्मा का काढला?”

 “चांगली दिसते म्हणून.” मग माउस हलवत म्हणाला, “चष्म्याबिगर तिले काई दिसत नव्हतं, तसं.”

त्याने पुन्हा जुना फोटो उघडला. आम्ही दोघं तो पाहत बसलो. मोठा केल्यामुळे दाढीचे केस वेगळे दिसत नव्हते, हनुवटीवर राखाडी सावली पडल्यासारखी दिसत होती. पण हनुवटी बाबांची होती. “दोन्ही करून देतो,” तो म्हणाला. “घरी दाखवा.”

दोन्ही फ्रेम घेऊन मी नाचणगावला गेलो. आई ओसरीवर बसली होती. डोळे अधू झाल्यामुळे ती वस्तू अगदी जवळ धरून पाहते. तिने आधी टिकलीवाला फोटो घेतला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

“कोनता लावू, आई?”

“ह्यो.” टिकलीवाला.

“ह्यात ती नाई.”

“मले हाय.”

“आई, शेवटी तिनं ठेवली होती. म्या इचारलं होतं, ती राहू दे म्हणे. आरशात पाहून बाबासारखी दिसते म्हणे.”

आईला हे माहीत नव्हतं. त्या पाच आठवड्यांत तिचे गुडघे धरले होते, ती वर्ध्याला येऊ शकली नव्हती. तिने दुसरा फोटो पुन्हा उचलला, नाकाजवळ नेला आणि हनुवटीवरून, काचेवरूनच, अंगठा फिरवला. केळझरच्या त्या मावशीने फिरवला होता तसाच, खालून वर. मला पाहवलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “तसेच होते त्याइचे बी.”

“मंग हा लावू?”

“नाई.”

“काऊन?”

“बाबू, मले तिचे केस नोको होते असं वाटते का तुले? मले लोकाइचे डोये नोको होते. जे ते तिच्या तोंडाकडे पाहे अन मंग माह्या तोंडाकडे पाहे. तेरवीले सगये येतीन. फुलं वाहातीन, पाया पडतीन. एक दिवस तरी त्याइनं तिले नुसतं पाहू दे.”

 मग मी इतके दिवस मनात होतं ते बोललो, “काकूले डबा म्या देला, आई. तिनं नोको म्हटलं होतं तरी देला.”

आईने मान हलवली. “मले मालूम हाय. मी आतच होती. मीच पाणी टाकून राह्यली होती.” फ्रेम खाली ठेवून म्हणाली, “मीबी नोको म्हटलं नाई.”

तेरवीला टिकलीचा फोटो लागला. लोक आले, फुलं वाहिली. काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, “किती सुंदर दिसते व माय.” मामा म्हणाले, “शांत चेहरा हाय.” कोणी फोटोसमोर जास्त रेंगाळलं नाही. आईला हवं होतं तसंच झालं. संध्याकाळी निघताना आईने दुसरी फ्रेम जुन्या साडीत गुंडाळून माझ्या हातात दिली. “हे तू ने. तुह्या घरी तिनं ठेवली होती ना, तिथीसाच लाव.” आणि त्यावर तो डबा ठेवला. अशी वस्तू टाकून देतात. तिने ती टाकू दिली नव्हती.

मी फ्रेम समोरच्या खोलीत, तिच्या पलंगाच्या जागी, खिडकीजवळ लावली. बायको आधी म्हणाली, “इथे? येणारे-जाणारे विचारतील.” मी म्हटलं, विचारू देत. पण मी सांगणार काय, ते माझं मलाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा शेजारच्या काकांनी विचारलं. कॉलर आणि हनुवटी पाहून म्हणाले, “हे तुमचे मोठे भाऊ का?”

मी तोंड उघडायच्या आत बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “नणंद माझी.”

काकांनी पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी चहाचा कप उचलला.

आता नाचणगावच्या घरी पदराचा फोटो आहे आणि माझ्या घरी कॉलरचा. निळ्या चौकड्यांचा शर्ट आईकडे आहे, तो धुतलेला नाही. रेझर माझ्याकडे आहे. मी आठवड्यातून एकदा दाढी करतो. तेवढीच येते.